गोंगाटातला पंचम

‘तुम्ही कवी माणूस, आणि असलं संगीत ऐकता?’ हा प्रश्न मला गेली तीसेक वर्षं विचारला जातो. विचारणारा भला असतो. त्याच्या मनात एक हिशेब असतो, इतकंच. मुसलमान कवी म्हणजे गझल, कव्वाली, फार तर मेहदी हसन. त्यातून मी मिरजेचा. म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गावचा. दरग्याच्या उरसात चिंचेच्या झाडाखाली रात्रभर गाणं ऐकत वाढलेला. तसा मी वाढलोही. पण त्याच काळात मी आणखी काही ऐकत होतो. ते म्हणजे ऐंशीच्या दशकातलं हार्ड रॉक. त्याची गोष्ट आज सांगायची आहे.

आमचे वडील रेल्वेत होते. आखातात नोकरीला गेलेल्या चुलतभावानं १९८४ साली एक टू-इन-वन आणला आणि घरात कॅसेटी शिरल्या. त्या वेळी मी चौदा वर्षांचा होतो. मिशन हॉस्पिटलात शिकायला आलेला मिझोरामचा एक मुलगा आमच्या शेजारी भाड्यानं राहायचा. त्याच्याकडे साठ आणि नव्वद मिनिटांच्या पंधरा-वीस कॅसेटी होत्या, सगळ्या कुणाकडून तरी भरून घेतलेल्या. त्यातली एक त्यानं मला ऐकायला दिली. सुरुवातीला एक घंटा वाजली, संथ, लांबून आल्यासारखी. मग गिटार सुरू झाली. ती कॅसेट एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन बँडच्या ‘बॅक इन ब्लॅक’ची होती.

ही घंटा का वाजते, ते मला फार नंतर कळलं. या बँडचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये लंडनमध्ये अचानक वारला. बाकीच्यांनी काही आठवड्यांत ब्रायन जॉन्सन हा नवा गायक घेतला आणि त्याच वर्षी जुलैत हा अल्बम आणला. मुखपृष्ठ संपूर्ण काळं होतं, गेलेल्या मित्राच्या सुतकाचं. जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांमध्ये आज त्याची गणना होते. मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पोटात काहीतरी हललं, एवढंच कळलं.

या संगीताचं कूळ बघण्यासारखं आहे. त्याचं मूळ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमध्ये. दक्षिणेतल्या शेतांवरून हे लोक शिकागोच्या कारखान्यांत आले. तिथल्या गजबजलेल्या गुत्त्यांत साधी गिटार ऐकू येईना, म्हणून मडी वॉटर्ससारख्यांनी चाळीसच्या दशकात विजेवरची गिटार हातात घेतली. त्यांच्या तबकड्या समुद्र ओलांडून इंग्लंडात गेल्या आणि साठच्या दशकात तिथल्या गोऱ्या कामगार पोरांनी तेच संगीत आणखी मोठ्या आवाजात वाजवायला घेतलं. लंडनमध्ये जिम मार्शल नावाचा ड्रमवादक वाद्यांचं दुकान चालवायचा. गिऱ्हाइकांच्या मागणीवरून त्यानं १९६२च्या सुमारास अ‍ॅम्प्लिफायर बनवायला सुरुवात केली. पुढे लेड झेपेलिन, डीप पर्पल, ब्लॅक सबाथ आले आणि हार्ड रॉकची घडण पक्की झाली. ऐंशीचं दशक हा या घराण्याचा तिसरा पिढा म्हणायला हरकत नाही.

आता आमच्या घरात काय झालं ते सांगतो. अब्बांना तो आवाज सहन होत नसे. मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी त्यांना सांगितलं, ‘लडका हाथसे गया समझो. ये शैतानी गाना है.’ दहावीचं वर्ष होतं. अब्बांनी टू-इन-वन कपाटात ठेवून कुलूप लावलं.

गंमत म्हणजे, त्याच वर्षी, १९८५ साली, हाच खटला अमेरिकेतही उभा राहिला होता. तिथल्या बड्या राजकारण्यांच्या बायकांनी एक समिती स्थापली होती. मुलं बिघडतात, तेव्हा अशा गाण्यांच्या वेष्टनावर इशारा छापा, अशी तिची मागणी होती. १९ सप्टेंबरला सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. ट्विस्टेड सिस्टर या बँडचा गायक डी स्नायडर, लांब केस आणि बाह्या कापलेलं जाकीट अशा अवतारात साक्षीला आला. मी विवाहित आहे, एका मुलाचा बाप आहे, ख्रिस्ती धर्म मानतो, दारू-सिगारेटला शिवत नाही, असं त्यानं शांतपणे सांगितलं. त्याच्या ज्या गाण्यात हिंसक कामुकता असल्याचा आरोप होता, ते गाणं म्हणे बँडमधल्या सहकाऱ्याच्या घशाच्या शस्त्रक्रियेविषयी होतं! गोडव्यासाठी प्रसिद्ध असलेल्या जॉन डेन्व्हरनंही इशाऱ्याच्या विरोधातच साक्ष दिली. तरी वेष्टनावर चिठ्ठी आलीच. आणि ती असलेल्या कॅसेटीच मुलं शोधून शोधून घेऊ लागली.

आमच्या खटल्यात साक्षीला आले ते मामू. अम्मीचे थोरले भाऊ सतारमेकर गल्लीत एका कारखान्यात कामाला होते. मिरजेची तंतुवाद्यं कशी सुरू झाली, हे बहुतेकांना ठाऊक असेल. तलवारी-भाल्यांना पाणी देणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात, शस्त्रांचे दिवस संपत आल्यावर, भोपळा आणि लाकूड हातात घेतलं. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मामूंचं काम जवारी काढण्याचं. तंबोऱ्याच्या घोडीचा वरचा भाग कानशीनं अगदी हलका घासून असा उतरता करायचा, की कंप पावणारी तार तिला जेमतेम घासत राहील. त्या घासण्यातून तारेच्या मूळ स्वराबरोबर वरचे उपस्वर फुलतात आणि तंबोरा गुंजू लागतो.

परीक्षा संपल्यावर मामूंनी अब्बांकडून किल्ली मागून घेतली. ‘लगा, देखूं क्या सुनता तू,’ म्हणाले. मी घाबरत कॅसेट लावली. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं, मग हात वर करून थांबवलं. ‘वो जगा फिरसे लगा.’ मी पेन्सिलीनं फीत मागे फिरवून पुन्हा लावली. ते म्हणाले, ‘इसकी जवारी बहोत खुल्ली है रे. पर सुर बराबर है. सा-प है.’ आणि चहा मागवला.

पुढे मी याविषयी वाचलं, तेव्हा मामू किती नेमकं बोलले होते ते कळलं. हार्ड रॉकचा गिटारवादक बहुतेक वेळ ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात ते वाजवतो. त्यात असतात फक्त षड्ज आणि पंचम, गंधार नसतोच. अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त ताण दिला की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात आणि नवे उपस्वर उमटतात. अशा आवाजात गंधार घातला तर सगळं गढूळ होतं. पण सा आणि प यांच्या कंपनांचं प्रमाण दोनास तीन. त्यांच्या फरकातून, म्हणजे एकातून, खालच्या सप्तकातला सा आपोआप ऐकू येऊ लागतो. दोन तारा छेडाव्यात आणि खालून तिसरा आवाज यावा! पोटात हलतं ते यामुळे. तंबोऱ्याची जवारी आणि गिटारची ही खरखर यांची जात वेगळी, पण दोन्हींत निखळ स्वराला थोडा त्रास दिल्याशिवाय तो भरत नाही.

मामूंना मी सांगितलेली एक गोष्ट फार आवडायची, ती ब्लॅक सबाथच्या टोनी आयोमीची. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात १९६५ साली, कामाच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं टोकाला कापली गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात गेला. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली. पुढे तारा हलक्या घेतल्या आणि उतरवूनही लावल्या. त्यातून जो जड, खोल आवाज निघाला, तोच पुढे सगळ्यांनी उचलला. माझा आवडता बँड डेफ लेपर्ड, शेफील्ड या पोलादाच्या गावचा. त्यांचा ड्रमवादक रिक अ‍ॅलन एकवीस वर्षांचा असताना, ३१ डिसेंबर १९८४ला, मोटार अपघातात त्याचा डावा हात गेला. बँडनं त्याला काढलं नाही. डाव्या हाताचं काम डाव्या पायानं करता येईल असे विजेवरचे ड्रम बनवून घेतले. ऑगस्ट १९८६ मध्ये तो डॉनिंग्टनच्या मैदानात हजारो लोकांसमोर वाजवायला बसला. पुढच्या वर्षी आलेला ‘हिस्टीरिया’ हा त्यांचा सर्वांत गाजलेला अल्बम. मामू ऐकून म्हणाले, ‘कारीगर है.’ त्यांच्या लेखी याहून मोठी पदवी नव्हती.

माझी स्वतःची कारागिरी वेगळीच चालली होती. माझं इंग्रजी यथातथा. कॅसेटीबरोबर गाण्यांचे शब्द यायचे नाहीत. म्हणून मी दोनशे पानी वहीत ते ऐकून ऐकून देवनागरीत उतरवत असे. निम्मे चूक असणार. पण ओळ कुठे तुटते, जोर कुठल्या अक्षरावर पडतो, यमक कानाला लागण्याआधीच कसं जाणवतं, हे त्या वहीनं शिकवलं. त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी मराठीत पहिल्या कविता लिहिल्या.

त्या वहीत एक पान आहे, त्याबद्दल सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. १९८७ साली गन्स अँड रोझेस या बँडचा पहिला अल्बम आला आणि आम्ही वेडे झालो. पुढच्या वर्षी त्यांची दुसरी तबकडी आली. तिच्यातलं एक गाणं मी नेहमीप्रमाणे उतरवून घेतलं, पाठ केलं. कॉलेजात गेल्यावर शब्दकोश घेऊन बसलो, तेव्हा त्याचा अर्थ लागला. त्यात कृष्णवर्णीयांना शिवी होती. बाहेरून आलेले, वेगळी भाषा बोलणारे लोक नकोत, असा सूर होता. इराणचं नावही त्यात हिणवण्यासाठीच आलं होतं. म्हणजे ज्यांच्यासाठी मी घरात भांडलो, त्यांच्या गाण्यात मला जागा नव्हती. विशेष म्हणजे त्याच बँडचा गिटारवादक स्लॅश याची आई कृष्णवर्णीय. मी आठवडाभर काहीच ऐकलं नाही. पान फाडायला घेतलं, पण फाडलं नाही.

त्याचं उत्तरही त्या संगीतातूनच मिळालं. लिव्हिंग कलर हा कृष्णवर्णीय वादकांचा हार्ड रॉक बँड. ऑक्टोबर १९८९ मध्ये लॉस एंजेलिसला रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमात हे दोन्ही बँड एकाच मंचावर होते. लिव्हिंग कलरच्या व्हर्नन रीडनं तिथे उभं राहून त्या गाण्याचा जाहीर निषेध केला, आणि मग गिटार वाजवली. ज्या लोकांच्या ब्लूजमधून हे सारं निघालं, त्यांचाच तो वारस. तो घर सोडून गेला नाही. घरात राहूनच बोलला. पुढे २०१८ साली जुन्या ध्वनिमुद्रणांचा मोठा संच काढताना खुद्द त्या बँडनंच ते गाणं वगळलं.

मला हे पुढे फार उपयोगी पडलं. ‘तुम्ही मराठीत कसं काय लिहिता?’ असंही मला विचारलं जातं. कौतुकानंच. पण त्या कौतुकात मी पाहुणा असतो. मराठीतही माझ्यासारख्यांविषयी वाईट लिहिलेली पानं आहेत. ती मी वाचली आहेत. म्हणून भाषा सोडायची नसते. ती माझ्या अम्मीनं बाजारात, शेजारणींशी, दवाखान्यात वापरलेली भाषा आहे.

आणि संगीत तरी कुठे कुणा एकाचं असतं? एसी/डीसीचे यंग बंधू स्कॉटलंडहून ऑस्ट्रेलियात आलेले. गिटारचं तंत्र बदलून टाकणारा एडी व्हॅन हेलन अ‍ॅमस्टरडॅममध्ये जन्मला, त्याची आई इंडोनेशियाची, आणि १९६२ साली हे कुटुंब अमेरिकेत आलं. क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी तर पारशी आणि आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. हार्ड रॉकचा हा सारा पसारा असा उपऱ्यांनी उभा केलेला आहे.

या संगीतात पोकळ भागही पुष्कळ होता. बायकांना शोभेच्या वस्तूसारखं वापरणाऱ्या त्या चित्रफिती आज मुलीसोबत बसून बघवत नाहीत. केसांचे फुगे आणि कातडी विजारी यांत गाणं हरवत गेलं. ऑगस्ट १९८९ मध्ये मॉस्कोच्या लेनिन स्टेडियमवर मोठा महोत्सव झाला, नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली. त्या मॉस्कोच्या अनुभवावरचं स्कॉर्पियन्सचं शीळ घालणारं गाणं जगभर गाजलं. पण सप्टेंबर १९९१ मध्ये निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ आला आणि आमचे नायक एकाएकी जुने झाले. आमच्या गल्लीत केबल आली, एम टीव्ही दिसू लागला, तोवर ज्यांना पाहायची आयुष्यभर हौस होती, ते पडद्यावरून जवळजवळ गेलेच होते. आम्ही त्यांना ऐकलं ते न पाहताच.

मामू १९९८ साली गेले. एडी व्हॅन हेलन २०२० मध्ये गेला, ब्लॅक सबाथचा ऑझी ऑस्बोर्न जुलै २०२५ मध्ये. ऑझी गेल्याची बातमी आली त्या रात्री मी जुनी वही काढली. शाई पुसट झाली आहे, ते पान अजून आहे. मुलीनं विचारलं, ‘अब्बा, यातलं तुम्हाला तेव्हा काय कळत होतं?’ मी म्हटलं, सा आणि प. बाकीचं नंतर.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)