ज्येष्ठांना चालता येईल असा फूटपाथ कसा असतो?

गिरगाव, दादर, परळ, लालबाग. बाजार, बँक, देऊळ, स्टेशन सगळं पायी जाता येईल इतकं जवळ. तरीही इथे अनेक आजी-आजोबा फूटपाथ सोडून रस्त्याच्या कडेने चालताना दिसतात. असं का?

पहिलं कारण गुडघे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या नियमावलीनुसार फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. पण गिरगावात वाड्यांची तोंडं जवळजवळ आहेत. प्रत्येक तोंडाशी फूटपाथ संपतो आणि पुढे पुन्हा सुरू होतो. दुखऱ्या गुडघ्याने सारखं चढ-उतर करण्यापेक्षा सपाट रस्ता बरा वाटतो, मागून बस येत असली तरी.

फेरीवाल्यांचा मुद्दा इतका सरळ नाही. स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले नकोत, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१७मध्ये स्पष्ट केलं. दादर स्टेशनबाहेरच्या गर्दीत काठी टेकायलाही जागा मिळत नाही, हे खरं. पण घराखाली भाजीवाली बसते म्हणूनच अनेक ज्येष्ठांची लांबची फेरी वाचते, हेही खरं.

सिग्नल कोणासाठी?

रस्ता ओलांडायची वेळ ठरवताना साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर वेग धरला जातो. म्हणजे १८ मीटर रुंद रस्त्याला १५ सेकंद. वयस्कर व्यक्तीचा वेग ०.८ मीटर असेल, तर तिला २२ सेकंदांहून जास्त लागतात. उरलेले सात सेकंद ती सुटलेल्या गाड्यांसमोर असते.

परळमध्ये प्रश्न आणखी अवघड झालाय. एल्फिन्स्टन पूल शिवडी-वरळी जोडरस्त्याच्या कामासाठी १२ सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाला. केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालयं पूर्वेला आहेत. प्रभादेवीकडून तिथे जाणाऱ्या गाड्यांना दादरच्या टिळक पुलाचा किंवा करी रोडचा वळसा पडतो. पायी जाणाऱ्यांसाठी रेल्वेचे पादचारी पूल आहेत, पण रस्त्याच्या पुलाला उतार होता, पादचारी पुलाला जिने असतात. तपासणीला निघालेल्या हृदयरोग्यासाठी हा फरक मोठा आहे.

चांगलं उदाहरण लांब शोधायला नको. शिवाजी पार्कभोवतीचा कट्टा घ्या. सलग वाट, झाडांची सावली आणि दमलं की लगेच टेकायची सोय. बसायची जागा ही चैन नाही. ती नसेल तर अनेकजण घराबाहेर पडणंच टाळतात.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वापरण्यायोग्य फूटपाथ हा अनुच्छेद २१खालील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं. तुटलेल्या फूटपाथची तक्रार महापालिकेच्या १९१६ क्रमांकावर किंवा वॉर्ड ऑफिसात करता येते. परळ-लालबागसाठी एफ दक्षिण, दादर पश्चिमेसाठी जी उत्तर आणि गिरगावच्या बऱ्याचशा भागासाठी डी वॉर्ड.