शिपाई, जमीनदार आणि रहिवासी

आपल्या समाजांतील वृद्ध मंडळींजवळ कुळाची चौकशी केली असतां पुष्कळ घरीं एकच उत्तर मिळतें : आमचा मूळ पुरुष पोर्तुगीज शिपाई होता. कुटुंबाचें नांव परेरा किंवा डिसोझा असलें म्हणजे हा समज अधिकच दृढ होतो. ज्युबिलीच्या प्रसंगीं पूर्वजांचें स्मरण करणें उचितच आहे; परंतु तें सत्यास धरून असावें, म्हणून त्या शिपायाची हकीकत येथें थोडक्यांत देत आहों.

1510 सालीं गोवें जिंकल्यावर आफोन्सो द आल्बुकर्क यानें आपल्या शिपायांस एतद्देशीय स्त्रियांशीं विवाह करून स्थायिक होण्यास उत्तेजन दिलें. अशा संसारी शिपायास 'काझादु', म्हणजे विवाहित, असें म्हणत. 1534 सालीं गुजराथच्या बहादूरशहानें वसई प्रांत पोर्तुगीजांस तोडून दिला, आणि हीच रीत उत्तर कोंकणांत आली. चाकरीचें बक्षीस म्हणून गांवें मिळूं लागलीं. धन्यानें वार्षिक खंड भरावा व प्रसंगीं घोडा आणि शस्त्र घेऊन हजर व्हावें, अशी अट असे. 1547 सालीं आंतोनियु पेसोआ यास लष्करी सेवेबद्दल माझगांव मिळालें, तें याच रीतीनें. शिपायाचा जमीनदार झाला. शेतांत व समुद्रावर राबणारे हात मात्र कोळी, कुणबी, भंडारी अशा मूळच्या रयतेचेच राहिले.

या लोकांचा संबंध आपल्या पुणें जिल्ह्याशींही येतो. भोर-वेल्हें मुलखांतील पाली गांवाकडून राजगडावर चढणारी वाट पाली दरवाजानें आंत शिरते. राजगड ही शिवाजीमहाराजांची राजधानी असतां, 1659 सालीं, त्यांनीं कल्याण-भिवंडीकडे आरमार बांधावयास घेतलें व त्या कामावर रुइ लैतांव व्हियेगश नांवाच्या पोर्तुगीजाच्या हाताखालीं सुमारें 340 माणसें ठेविलीं. वसईच्या अधिकाऱ्यांस हें रुचलें नाहीं. त्यांच्या सांगण्यावरून हे लोक काम टाकून मुंबईकडे निघून गेले.

मे 1739 मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. किल्ल्यांतील फौजेस सन्मानानें जाण्याची मुभा मिळाली व तिच्यामागून गांवांचे बहुतेक धनीही निघून गेले. तरवारीच्या बळावर आलेली जमीन तरवारीबरोबरच गेली. मागें राहिली ती रयत. तिनेंच आपली श्रद्धा जतन केली. तिच्या पूर्वजांस बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपित्याचें किंवा धर्मगुरूचें आडनांव मिळे; म्हणून असें आडनांव बाप्तिस्म्याची साक्ष देतें, रक्ताची देईलच असें नाहीं.

पुढें पन्नास वर्षांनीं निराळ्या तऱ्हेचा शिपाई आपल्या पुण्यांत आढळतो. पेशव्यांच्या फौजेंत गोव्याकडील ख्रिस्ती लोक चाकरीस होते. दों मिगेल द नोरोन्य हा त्यांचा एक अधिकारी. 1792 सालीं सवाई माधवराव पेशव्यांनीं या लोकांस देवालयासाठीं जागा दिली. तेंच आजचें नाना पेठेंतील निष्कलंक गर्भसंभव मातेचें देवालय, लोकांच्या तोंडचें सिटी चर्च. सध्यांची इमारत 1852 सालची आहे. येथें शिपाई धनी म्हणून आला नव्हता, चाकर म्हणून आला होता. त्यानें उपासनेपुरती भूमि मागितली, आणि पेशवाई गेली तरी त्या भूमीवरील उपासना चालूच राहिली.

तेव्हां वाचकहो, मूळ पुरुषाचा शोध अवश्य करावा. पण केवळ आडनांवावर भिस्त ठेवूं नये. 1563 सालीं त्रेंतच्या धर्मसभेनें बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या ठेवण्याचा नियम घालून दिला. त्या वह्यांतून एकेक पिढी मागें जावें. आईबापांच्या नांवाबरोबर धर्मपित्याचें नांव व गांवही टिपून घ्यावें. कोणास शेवटीं शिपाई सांपडेल, कोणास नांगरधारी किंवा जाळें विणणारा कोळी सांपडेल. यांत उणें मानण्यासारखें कांहीं नाहीं. गांवांचे धनी निघून गेल्यावर देवळांतील दिवा ज्यांनीं तेवत ठेविला, ते हेच लोक होत.