लिस्टर कारखाना आणि 'ग्रँड टूरिंग' मोटारीचा अर्थ

'ग्रँड टूरिंग' हा शब्दप्रयोग 'ग्रान तुरिस्मो' या इटालियन संज्ञेवरून आला. दूरच्या प्रवासास सुखावह आणि तरीही वेगवान अशी मोटार, हा त्याचा मूळ अर्थ होय. शर्यतीच्या नियमांत या वर्गास स्थान मिळाले तेव्हा मोटार प्रथम रस्त्यासाठी बनते व मागाहून शर्यतीस सिद्ध होते, असे गृहीत होते. लिस्टर या लहानशा इंग्रजी कारखान्याच्या इतिहासात हा क्रम उलटलेला दिसतो.

केंब्रिज येथील 'जॉर्ज लिस्टर अँड सन्स' हा लोहकामाचा कारखाना १८९० मध्ये निघाला. संस्थापकाचा नातू ब्रायन लिस्टर याने १९५४ मध्ये शर्यतीच्या मोटारी बांधण्यास आरंभ केला. एंजिने बाहेरची असत : प्रथम एम. जी., मग ब्रिस्टल, मासेराती व अखेर जॅग्वार. सांगाडा मात्र कारखान्याचा स्वतःचा. आणि तेथेच त्याचे कसब होते. जन्मतःच उजवा पंजा नसलेला आर्ची स्कॉट ब्राउन हा त्याचा प्रमुख चालक. मे १९५८ मध्ये बेल्जममधील स्पा येथे झालेल्या अपघातात तो मृत्यू पावला. पुढल्याच वर्षी आयव्हर ब्यूब हाही चालक दगावला, आणि ब्रायनने शर्यतीतून अंग काढून घेतले. मूळ कारखान्याचे लोहकाम मात्र चालू राहिले.

१९८६ मध्ये लॉरेन्स पिअर्स याने लिस्टर हे नाव पुन्हा चालविले. १९९३ मध्ये त्याने सात लिटरचे, बारा सिलिंडरांचे जॅग्वार एंजिन असलेली 'स्टॉर्म' ही मोटार काढली. नियमानुसार शर्यतीच्या गाडीस रस्त्यावरील भावंड हवे. म्हणून तशी मोटार बनली खरी, पण ती अवघ्या चार नगांपुरती. १९९५ मध्ये स्टॉर्म ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत उतरली. २००० साली ज्यूलियन बेली व जेमी कॅम्पबेल-वॉल्टर यांनी तिच्यातून आंतरराष्ट्रीय जी. टी. अजिंक्यपद मिळविले. त्याआधीचे अजिंक्यपद क्रायस्लरसारख्या बलाढ्य कंपनीच्या व्हायपर गाडीकडे होते.

मोठी कंपनी शर्यतीचा खर्च हजारो गाडयांच्या विक्रीवर पसरवू शकते; चार गाडया विकणाऱ्यास ती सोय नाही. लिस्टरच्या बाबतीत प्रवासाची मोटार हे निमित्त ठरले आणि शर्यत हेच प्रयोजन. 'टूरिंग' हा शब्द नियमात तसाच राहिला. त्यातील प्रवास मात्र उरला नाही.