संगणकाचे ध्रुपद

अभंगांची छापील गाथा उघडली, की सुरुवातीच्या एखाद्या चरणापाशी ‘॥ध्रु॥’ अशी खूण दिसते. तो चरण प्रत्येक कडव्यानंतर म्हणायचा असतो. छापतात मात्र एकदाच. कडव्याचा आकडा वाढत जातो आणि शेवटी संतांची नाममुद्रा आली, की अभंग संपतो. कोठे परतायचे, दर फेरीला काय बदलायचे आणि कोठे थांबायचे, या तीनच गोष्टी. संगणकाच्या प्रोग्रॅममधले ‘लूप’ याहून वेगळे नाही.

ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. चार्ल्स बॅबेज यांनी आखलेले, पण कधीच पूर्ण न झालेले एक यंत्र होते. त्यावर एडा लव्हलेस यांनी १८४३ साली टिपणे लिहिली. बर्नुली संख्या काढण्यासाठी आज्ञांचा तोच गट पुनःपुन्हा कसा वापरावा, हे त्यांत मांडले आहे.

मुंबईत ही युक्ती गरजेची ठरली ती टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. तेथे आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला संगणक १९६० साली सुरू झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्याच्या स्मृतीत जागा फक्त २,०४८. दीड हजार आकड्यांची बेरीज करायची, तर दीड हजार जागा आकडेच अडवणार. प्रत्येक आकड्यासाठी वेगळी आज्ञा लिहिली, तर ती ठेवायची कुठे? म्हणून बेरजेची आज्ञा एकदाच लिहायची आणि तिच्याकडे परत परत यायचे.

आज स्मृतीची ती टंचाई नाही. तरीही नवशिक्याला लूप लवकर शिकवावे, असे पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक अभिराम रानडे यांना वाटले. जोगेश्वरीहून विक्रोळी जोडरस्त्याने पूर्वेकडे निघाले, की ही संस्था लागते. सी प्लस प्लस भाषेवरचे त्यांचे पाठ्यपुस्तक २०१४ साली आले. त्यात आरंभीच पडद्यावर एक कासव चालते. शंभर पावले पुढे जा, ९० अंश वळ. हे चारदा केले की चौरस. चारच्या जागी सहा आणि ९० च्या जागी ६० घाला, षटकोन तयार! पूर्ण फेरीचे ३६० अंश बाजूंच्या संख्येने भागायचे, हा नियम मुलाच्या हाती आपोआप येतो. म्हणजे लूप नुसती लिहिण्याची मेहनत वाचवत नाही. नियम शोधायला लावते.

यात नवशिका अडखळतो तो ठरावीक जागी. एक ते शंभरची बेरीज करताना फेरीचा आकडा वाढवायला तो विसरतो. मग यंत्र एकात एक मिळवतच राहते. ते थकत नाही आणि शंकाही काढत नाही.

तुमच्या घरी कोणी प्रोग्रॅमिंग शिकत असेल, तर कळफलकाला हात लावण्याआधी त्याला विचारा : परतायचे कुठे, बदलायचे काय, थांबायचे कधी? उत्तरे कागदावर आली, की पुढचे काम यंत्राचे.