पिकअपचा मागचा फाळका उघडा ठेवला की मायलेज वाढतं का? वारा काय सांगतो?

अमेरिकेतल्या हायवेवर एक दृश्य हमखास दिसतं. रिकामी पिकअप भरधाव चालली आहे आणि तिचा मागचा फाळका खाली पाडलेला आहे. काही जण तर फाळका काढून घरीच ठेवतात आणि त्या जागी जाळी बांधतात. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "बंद फाळक्यावर वारा आदळतो. तो उघडला की वारा सरळ निघून जातो आणि पेट्रोल वाचतं."

ऐकायला हे अगदी पटतं. पण विंड टनेलमधल्या चाचण्यांचा निष्कर्ष नेमका उलटा आहे. नेहमीच्या पिकअपमध्ये फाळका बंद असतानाच हवेचा विरोध कमी असतो. असं का होतं, ते समजून घेऊ.

आधी हे समजून घ्या: गाडी हवेशी भांडत असते

गाडी पुढे जाताना समोरची हवा बाजूला सारते. त्यामुळे गाडीला मागे खेचणारा जो जोर तयार होतो, त्याला 'ड्रॅग' म्हणतात. वेग दुप्पट झाला की ड्रॅग चौपट होतो. म्हणजे ताशी ६० किलोमीटरला हवा जेवढा विरोध करते, त्याच्या चौपट विरोध १२० ला होतो. आणि त्या विरोधावर मात करायला इंजिनाला लागणारी ताकद आठपट होते.

म्हणूनच शहरातल्या ट्रॅफिकमध्ये फाळका वर आहे की खाली, याने फारसा फरक पडत नाही. तिथे इंधन खातात ते सिग्नल, ब्रेक आणि पुन्हा पुन्हा घेतलेला पिकअप. ताशी ८० किलोमीटरच्या पुढे मात्र हवेचा हिशोब महत्त्वाचा होतो.

ड्रॅग फक्त समोरून येणाऱ्या वाऱ्यामुळे होतो, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात गाडीच्या मागेही खेळ चालू असतो. गाडी पुढे सरकली की तिच्या पाठीमागे कमी दाबाची जागा तयार होते आणि ती जागा गाडीला मागे ओढत राहते. पिकअपच्या बाबतीत हीच गोष्ट निर्णायक ठरते.

बंद फाळक्यामागे नेमकं काय घडतं?

पिकअपचा आकार विचित्र आहे. पुढे उंच केबिन, मागे एकदम खोलगट हौदा आणि शेवटी फाळका. केबिनच्या छतावरून आलेली हवा काठावर पोहोचते तेव्हा तिला एवढं तीव्र वळण घेऊन हौद्यात उतरता येत नाही. ती छतापासून सुटते आणि तशीच मागे जाते.

मग हौद्यात काय उरतं? तिथे हवेचा एक भोवरा तयार होतो. फाळक्याजवळ आलेल्या हवेचा काही भाग खाली वळतो, हौद्याच्या तळावरून पुढे केबिनकडे येतो आणि पुन्हा वर जातो. असा हा भोवरा हौद्यात अडकून फिरत राहतो.

हा भोवरा एखाद्या अदृश्य झाकणासारखं काम करतो. वरून येणारी बरीचशी हवा त्याच्यावरून घसरत फाळक्याच्या पलीकडे जाते. म्हणजे 'वारा थेट फाळक्यावर आदळतो' हे डोक्यातलं चित्रच चुकीचं आहे.

फाळका उघडला की काय बिघडतं?

भोवऱ्याला धरून ठेवणारी मागची भिंतच जाते. हौद्यातला प्रवाह विस्कटतो, वरची हवा जास्त खाली उतरते आणि केबिनच्या पाठीमागचा दाब आणखी घटतो. केबिनची मागची बाजू म्हणजे मोठी उभी भिंत. तिच्यामागे दाब कमी झाला की गाडीवरची मागची ओढ वाढते.

फाळक्यावर थोडा वारा लागतो हे खरंच आहे. पण तो हटवून जेवढं मिळतं, त्यापेक्षा जास्त केबिनच्या मागे गमावलं जातं. गोळाबेरीज तोट्याचीच.

हे कुणी तपासलं?

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचे केविन कूपर यांनी पिकअपच्या एअरोडायनॅमिक्सवर २००४ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच सल्ला होता: फाळका वरच ठेवा.

सर्वसामान्यांपर्यंत हा विषय पोहोचला तो डिस्कव्हरीवरच्या 'मिथबस्टर्स' या कार्यक्रमामुळे. त्यांच्या चाचणीत फाळका बंद असलेली पिकअप जास्त अंतर गेली. पाण्याच्या टाकीत छोटं मॉडेल ठेवून हौद्यात अडकणारा भोवराही त्यांनी दाखवला. पुढच्या एका भागात मात्र जाळी लावलेल्या पिकअपने चांगलं मायलेज दिलं. पण रस्त्यावरच्या अशा चाचणीत वारा, तापमान आणि चालवण्याची पद्धत यांचाही परिणाम होतो, त्यामुळे छोटा फरक जपूनच वाचावा लागतो.

मग हौदा झाकला तर?

इथे फायद्याची शक्यता आहे. हौद्यावर सपाट बसणारं कव्हर, ज्याला 'टोनो कव्हर' म्हणतात, हवेला मागे सरकायला सलग पृष्ठभाग देतं आणि ड्रॅग कमी करतं.

पण खिशाचा हिशोब करून बघा. समजा एखादी पिकअप महिन्याला हायवेवर १,००० किलोमीटर धावते आणि लिटरला १० किलोमीटर देते. महिन्याचं इंधन झालं १०० लिटर. कव्हरने २ टक्के वाचले असं धरलं तरी बचत २ लिटरची. महागडं कव्हर केवळ मायलेजसाठी घेतलं तर पैसे वसूल व्हायला वर्षं लागतील. सामान पावसापासून आणि चोरीपासून वाचतं, हा त्याचा जास्त मोठा फायदा.

आपल्याकडच्या पिकअपचं काय?

महाराष्ट्रात भाजीपाला, दूध, सिमेंट वाहणाऱ्या बहुतेक पिकअप अमेरिकन पिकअपसारख्या नसतात. त्यांच्या हौद्याचे बाजूचे फाळकेही उघडतात आणि अनेकांवर लोखंडी सांगाडा, ताडपत्री किंवा केबिनपेक्षा उंच बॉडी असते. त्यामुळे अमेरिकेतले आकडे त्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. मात्र तत्त्व तेच राहतं. केबिनच्या वर जेवढी उंची वाढेल, तेवढी जास्त हवा ढकलावी लागेल. ढिली, फडफडणारी ताडपत्रीही विरोध वाढवते.

फाळका खाली ठेवण्याचा खरा धोका

मायलेजपेक्षा मोठा प्रश्न सुरक्षेचा आहे. फाळका खाली असला की स्टेपनी, जॅक, दोरखंड यांसारख्या सुट्या वस्तू खड्ड्यात किंवा चढावर घरंगळून थेट रस्त्यावर पडू शकतात. मागच्या दुचाकीस्वारासाठी ते जीवघेणं ठरू शकतं. शिवाय आडवा पडलेला फाळका गाडीची लांबी वाढवतो, रात्री तो पटकन दिसत नाही आणि काही गाड्यांमध्ये नंबर प्लेटही झाकली जाते.

इंधन वाचवायचंच असेल तर

- हायवेवर वेग थोडा कमी ठेवा. सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो, आणि तोही फुकट.
- टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा ठेवा.
- नको असलेलं वजन उतरवा. टपावरचं रिकामं कॅरियर काढून ठेवा.
- ताडपत्री घट्ट बांधा.
- हौदा रिकामा असो वा भरलेला, निघण्याआधी फाळका लावा आणि कडी बसली आहे ना, ते हाताने ओढून बघा.