सेवाग्रामचा टब : जिवंत इंग्रजी लेखाचे वर्ध्यातील धडे

१/ जून १९४२. मृगाचा पाऊस अजून लागलेला नाही. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात एक अमेरिकी पत्रकार पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या टबात लाकडी खोके ठेवून त्यावर बसला आहे. टबाबाहेर दुसरे खोके, त्यावर टंकलेखन यंत्र. घाम आला की भांडेभर पाणी अंगावर ओतायचे आणि लेखन पुढे चालू.

२/ हा लुई फिशर. गांधीजींच्या सहवासातील आठवड्यावर त्याने त्याच वर्षी इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले आणि पुढे १९५० साली त्यांचे चरित्र लिहिले. वर्ध्याचा उन्हाळा किती कडक असतो हे सांगण्यासाठी त्याला विशेषणांची रास घालावी लागली नाही. टबाचे वर्णन पुरले. इंग्रजीच्या परीक्षेत ‘फीचर’ लेखाच्या प्रश्नापाशी अडणाऱ्यांसाठी पहिला धडा हाच : व्याख्येने नव्हे, दृश्याने आरंभ करावा.

३/ हे केवळ शैलीचे कौतुक नव्हते. त्या वर्षी जपानने ब्रह्मदेश जिंकला होता. अशा वेळी इंग्रजांनी भारत सोडावा, ही गांधीजींची मागणी म्हणजे जपानला वाट मोकळी करून देणे, अशी शंका मित्रराष्ट्रांत व्यक्त होत होती. स्वतंत्र भारतात मित्रराष्ट्रांचे सैन्य युद्धासाठी राहू शकेल, हे गांधीजींनी फिशरला सांगितले. ते दूरच्या वाचकाला पटायचे, तर आधी बोलणारा माणूस त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहायला हवा होता.

४/ म्हणून दुसरा धडा निवडीचा. गांधीजींच्या कुटीच्या मातीच्या भिंतीवर एकच चित्र होते, आणि ते येशू ख्रिस्ताचे होते. फिशरने ते नेमके टिपले. कुटीतल्या प्रत्येक वस्तूची यादी दिली असती, तर वाचक कंटाळला असता. ख्रिस्ती वाचकाच्या मनातला परकेपणा त्या एका चित्राने कमी होणार होता. तपशील किती दिले यापेक्षा तो कोणासाठी निवडला, याला महत्त्व आहे.

५/ तिसरा धडा किंचित विनोदाचा. वर्ध्याहून सेवाग्रामला जाताना टांग्यात फिशरसोबत गांधीजींचे दंतवैद्य होते. फिशरला गांधीजींच्या दातांविषयी ऐकायचे होते. दंतवैद्यांना बोलायचे होते ब्रिटिश राजकारणावर! लेखक येथे स्वतःची फजिती सांगतो, आणि १९४२चा भारत कोणत्या विषयाने भारलेला होता तेही कळते.

६/ याच परिसरात फिशरच्या आधीपासून एक तितकाच समर्थ इंग्रजी लेखक वावरत होता : महादेवभाई देसाई. गांधीजी १९३६ साली सेगावात, म्हणजेच पुढच्या सेवाग्रामात, राहायला गेले. त्यानंतर काही काळ महादेवभाई वर्ध्यातील मगनवाडीहून रोज पायी जात-येत, सुमारे ११ मैल. ‘हरिजन’मधील त्यांची साप्ताहिक पत्रे या प्रत्यक्ष सहवासातून लिहिली गेली.

७/ डिसेंबर १९३५मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला आल्या. संततिनियमनाच्या साधनांवर त्यांचे व गांधीजींचे मत जुळले नाही. महादेवभाईंनी तो संवाद ‘हरिजन’च्या वाचकांपुढे ठेवला आणि मतभेद झाकला नाही. चौथा धडा हा : लेखात दुसरी बाजूही बोलली पाहिजे. दोन मते समोरासमोर आली की वाचक आपोआप पुढचे वाक्य वाचतो.

८/ येथे इतिहासाची एक गंमत आहे. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्यातच राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिने सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि हस्तोद्योग यांचा पुरस्कार केला. नव्या शिक्षणाच्या त्या मूळ आराखड्यात इंग्रजीला स्थान नव्हते. तरीही तिचा एक विचार इंग्रजी लेखनालाही लागू पडतो : हाताने केल्याने आणि डोळ्यांनी पाहिल्यानेच ज्ञान पक्के होते.

९/ परीक्षेच्या उत्तरात मात्र उलटे घडते. पाठ केलेली सुभाषिते, कुणीच न उच्चारलेली ‘तज्ज्ञांची मते’ आणि मनचे आकडे यांनी पान भरते. हिंगणघाटच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग पाहिलेल्या विद्यार्थ्याने शेतीवरचा लेख त्या रांगेपासून का सुरू करू नये? साध्या इंग्रजीत ती रांग दिसली, तर परीक्षकही क्षणभर थांबेल.

१०/ महादेवभाईंचे १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्यात, आगाखान पॅलेसच्या बंदिवासात निधन झाले. फिशर सेवाग्रामहून गेल्याला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. एकाला इंग्रजी जन्माने मिळाली होती, दुसऱ्याने ती अभ्यासाने कमावली होती. दोघांच्याही लेखनात ते दिवस आजही जिवंत राहिले, कारण दोघांनीही आधी नीट पाहिले आणि मग लिहिले.