खांबावरची तार कोणाची?

हैदराबादेत नारायणगुडा आणि आर. टी. सी. चौरस्ता यांच्या दरम्यान चिक्कडपल्ली ही गजबजलेली वस्ती आहे. तेथील ग्रंथालयात अभ्यासासाठी येणारे विद्यार्थी, त्यागराय गानसभेकडे निघालेले रसिक आणि बाजारहाट करणाऱ्या गृहिणी ज्या खांबांखालून रोज ये-जा करतात, त्या खांबांकडे मान वर करून पाहणारा मात्र विरळा. पाहिलेच, तर काळ्या तारांचे एक जंजाळ नजरेस पडते. त्यातील विजेची तार कोणती, दूरध्वनीची कोणती, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात एका शतकाहून अधिक काळाचा इतिहास दडलेला आहे, आणि आज तर त्या उत्तरावर माणसांचे प्राणही अवलंबून आहेत.

या इतिहासाचा आरंभ तारायंत्रापासून होतो. विल्यम ओशॉनेसी या वैद्याने १८३९ साली कलकत्त्याजवळ बांबूंवर तार ताणून संदेश पाठविण्याचे प्रयोग केले. १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर हा तारमार्ग सुरू झाला. तारायंत्राला एकच तार पुरत असे. परतीचा मार्ग जमिनीतून मिळे. पुढे २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे उघडली. एका तारेवर बोलणे ऐकू येई खरे. पण शेजारच्या तारांतील व विजेच्या वाहिन्यांतील प्रवाहामुळे त्यात गुणगुण शिरे. म्हणून दूरध्वनीसाठी दोन तारांची जोडी आली. एक ग्राहक, एक जोडी, हा नियम त्यानंतर कित्येक दशके टिकला.

खांब उभारायचा, तर तो कोणाच्या तरी जागेवर उभारावा लागतो. १८८५ च्या तार कायद्याने सरकारला तारा व खांब उभारण्याचा अधिकार दिला. परंतु त्याबरोबर एक मर्यादाही घातली. अधिकार मिळाला तो केवळ वापराचा. जागेची मालकी मिळाली नाही. नगरपालिकेसारख्या संस्थेच्या जागेवर खांब रोवण्यापूर्वी तिची परवानगी घेणे आवश्यक ठरले. खांबावर काय आहे आणि त्यास जबाबदार कोण, हे कागदोपत्री ठरविण्याची प्रथा येथूनच रूढ झाली.

हैदराबाद हे निजामाचे संस्थान. तेथील टपाल व दूरध्वनी यांचा कारभार संस्थानचा स्वतंत्र होता. हुसेनसागराच्या काठी १९२० साली वीज निर्माण करणारे केंद्र उभे राहिले आणि शहरातील रस्त्यांवर विजेच्या खांबांची भर पडली. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर तेथील दूरध्वनी व्यवस्था भारताच्या टपाल व तार खात्याच्या छत्राखाली आली. त्या काळी ओळखीचा प्रश्न सोपा होता. विजेचे एक खाते, दूरध्वनीचे दुसरे. दोघांचे खांब बहुधा निरनिराळे आणि दोघांचे लाइनमनही निरनिराळे.

त्या काळातील खुणा आजही उपयोगी पडतात. दूरध्वनीचा जुना खांब म्हणजे बहुधा नळीसारखा लोखंडी. त्याच्या आडव्या पट्टीवर चिनीमातीच्या पांढऱ्या वाट्या उपड्या बसविलेल्या असत. वाटीच्या आत आणखी एक वाटी असे. त्यामुळे पावसातही आतला भाग कोरडा राही आणि प्रवाह खांबात उतरत नसे. पुढे उघड्या तारा जाऊन अनेक जोड्यांची जाड केबल आली. ती जेथे फुटते, तेथे खांबावर वा भिंतीवर एक लहानशी पेटी असते. तिला लाइनमन ‘डीपी’ म्हणतात. वीज खात्यातील डीपी निराळी. तिच्याजवळही जाऊ नये. दूरध्वनीच्या पेटीतून दोन तारांची बारीक दोरी निघून घरोघर जाते. आत दहा जोड्या असतील, तर पहिल्या पाचांत पांढरी तार व पुढच्या पाचांत तांबडी तार समान असते, आणि जोडीदार तारा अनुक्रमे निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी व राखाडी. या रंगांवरून लाइनमन नेमका ग्राहक शोधून काढी.

एकाच खांबावर सारे असेल, तर क्रमावरून ओळख पटते. सर्वांत वर उच्च दाबाच्या उघड्या तारा, त्याखाली घरगुती विजेच्या, आणि संदेशाच्या तारा त्याहूनही खाली. ही उतरंड सोयीसाठी नाही, सुरक्षिततेसाठी आहे.

ती विस्कटली गेल्या तीस-पस्तीस वर्षांत. १९९० नंतर केबल दूरचित्रवाणी आली. १९९४ च्या दूरसंचार धोरणाने खाजगी कंपन्यांना दार उघडले. मागोमाग इंटरनेट आले. प्रत्येकाने हाताशी असलेल्या विजेच्या खांबाचाच आधार घेतला. आता दिसतात त्या काळ्या लांबट पेट्या व तारांची वेटोळी ही काचतंतूंच्या केबलची सांधेजोड असते. काचतंतूंतून प्रकाश वाहतो, वीज नव्हे. म्हणून ती तार निरुपद्रवी, असा समज होतो. पण तिला पेलून धरणारी पोलादी तार विजेच्या तारेस टेकली, तर तीच प्राणघातक ठरते. जुनी तार काढावयाची कोणी, हेही ठरलेले नसते. ग्राहक गेला तरी तार तशीच लोंबकळत राहते.

ऑगस्ट २०२५ मध्ये हैदराबादच्या रामंतापूर भागात गोकुळाष्टमीच्या मिरवणुकीत रथाला विजेचा धक्का बसून पाच जणांचा बळी गेला. त्यानंतर वीज वितरण कंपनीने खांबांवरील तारा उतरविण्याची मोहीम घेतली. अनेक ठिकाणी इंटरनेट बंद पडले आणि वाद तेलंगणा उच्च न्यायालयात गेला. परवानगीची तार कोणती आणि बेकायदा कोणती, हाच त्या वादाचा गाभा होता. ज्या तारेवर मालकाची खूण नाही, ती तोडणाऱ्यासही ओळखता येत नाही आणि वाचविणाऱ्यासही नाही.

१८८५ च्या कायद्याची जागा आता २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली असून मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत. कायदे बदलतात, यंत्रेही बदलतात. परंतु वापराचा अधिकार ज्याला, जबाबदारीही त्याचीच, हे तत्त्व बदलण्याचे कारण नाही. प्रत्येक तारेवर तिच्या मालकाचे नाव असावे आणि निकामी तार त्यानेच उतरवावी, एवढी शिस्त पाळली गेली, तरी चिक्कडपल्लीच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला खांबाचे भय बाळगण्याचे प्रयोजन उरणार नाही. तोपर्यंत मात्र नागरिकाने खांब दुरूनच पाहावा, लोंबणाऱ्या कोणत्याही तारेस हात लावू नये, आणि तिची वार्ता वीज खात्यास द्यावी, हेच शहाणपणाचे.